किट लेन्सनंतरची पहिली लेन्स कशी निवडावी

नवा डिजिटल कॅमेरा घेतला की बहुतेक वेळा त्याच्यासोबत १८-५५ मिमीच्या आसपासची एक हलकी, साधी लेन्स मिळते. तिला किट लेन्स म्हणतात. शिकण्यासाठी ती चांगलीच असते, पण सहा-आठ महिने मन लावून फोटो काढले की तिच्या मर्यादा एकेक करून लक्षात येऊ लागतात. संध्याकाळी घरात काढलेले फोटो हललेले येतात, चेहऱ्यामागची गर्दी चेहऱ्याइतकीच ठळक दिसते, छोट्या खोलीत सगळी माणसे चौकटीत मावत नाहीत आणि दूरच्या फांदीवरचा पक्षी ठिपक्याएवढाच राहतो. मग प्रश्न पडतो, की हिच्या जागी कायम लावून ठेवता येईल अशी, सगळ्या कामांना चालणारी एकच चांगली लेन्स कोणती?

उत्तर शोधताना बहुतेकांची नजर आधी झूमच्या आकड्यांवर जाते, आणि जिचा झूम सर्वांत मोठा तीच सर्वांत उपयोगी, असे वाटू लागते. मला हे मत पटत नाही. वर सांगितलेल्या चार अडचणींपैकी मोठ्या झूमने फक्त शेवटची सुटते. सुरुवातीच्या काळातले फोटो वाया जातात ते दूरचे जवळ दिसत नाही म्हणून कमी आणि उजेड अपुरा पडतो म्हणून जास्त. त्यामुळे लेन्स किती लांबचे दाखवते हे विचारण्याआधी ती किती कमी उजेडात काम करू शकते हे विचारावे, असे माझे म्हणणे आहे. ते पटण्यासाठी लेन्सवर छापलेल्या दोन आकड्यांचा अर्थ नीट कळला पाहिजे.

पहिला आकडा मिलिमीटरमधला. ही फोकल लेंग्थ, म्हणजे शाळेत शिकलेले नाभीय अंतर. हा आकडा जितका लहान तितके दृश्य रुंद दिसते, आणि जितका मोठा तितके दृश्य अरुंद होऊन वस्तू जवळ आल्यासारखी वाटते. मात्र नेमके किती दिसेल हे कॅमेऱ्यातल्या सेन्सरच्या आकारावरही ठरते. फिल्मच्या जमान्यात ३५ मिमी रिळावरची ३६ बाय २४ मिमीची चौकट रूढ झाली, आणि तेवढ्याच आकाराच्या सेन्सरला आज फुल फ्रेम म्हणतात. नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांत याहून लहान, साधारण २३.५ बाय १५.६ मिमीचा एपीएस-सी सेन्सर असतो. कॅननचा त्याहूनही किंचित लहान असतो. सेन्सर लहान असल्यामुळे दृश्याचा कडेचा भाग कापला जातो, आणि १८ मिमीची लेन्स या कॅमेऱ्यावर फुल फ्रेमवरच्या २७ मिमीइतकेच रुंद दृश्य दाखवते. दीडने गुणायचे, कॅननसाठी १.६ ने, एवढा हिशेब पुरतो.

हा हिशेब कोरडा वाटतो, पण खोलीत उभे राहिले की तो डोळ्यांना दिसतो. भिंतीला पाठ लावून तीन मीटर दूरच्या समोरच्या भिंतीचा फोटो काढायचा आहे असे समजा. एपीएस-सी कॅमेऱ्यावर १८ मिमीला त्या भिंतीची सुमारे ३.९ मीटर रुंदी चौकटीत मावते. १६ मिमीला ती सुमारे ४.४ मीटर होते. म्हणजे कागदावर दोनच मिलिमीटरचा फरक असला, तरी कडेला उभी असलेली एक-दोन माणसे त्यातच येतात किंवा सुटतात. याउलट २४ मिमीला जेमतेम २.९ मीटर दिसते, आणि मागे सरकायला भिंत जागा देत नाही. लांबच्या टोकाला मात्र पाच-दहा मिलिमीटर कमी-जास्त झाले तरी दोन पावले पुढे टाकून भागते. म्हणूनच कायम लावून ठेवायच्या लेन्सची सुरुवात १८ किंवा त्याहून कमी आकड्यापासूनच व्हावी, याबाबत मी आग्रही आहे.

याच ठिकाणी अनेक जण फसतात. व्यावसायिक छायाचित्रकार २४-७० मिमीची लेन्स वापरतात हे ऐकून, आणि पुढेमागे फुल फ्रेम कॅमेरा घेऊच असे ठरवून, नवशिके तीच भारी लेन्स आपल्या छोट्या कॅमेऱ्यावर चढवतात. काच उत्तम असते, पण छोट्या सेन्सरवर तिचे २४ मिमीचे टोक ३६ मिमीसारखे वागू लागते, आणि खोलीतला, बसमधला किंवा अरुंद गल्लीतला फोटो हातचा जातो. आज हातात नसलेल्या कॅमेऱ्यासाठी आज लेन्स घेऊ नये. चांगल्या लेन्सला पुढे गिऱ्हाईक मिळते, त्यामुळे कॅमेरा बदलेल तेव्हा लेन्सही बदलता येते.

आता दुसरा आकडा, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. किट लेन्सवर ३.५-५.६ असे छापलेले असते. हा एफ आकडा, म्हणजे फोकल लेंग्थला लेन्सच्या छिद्राच्या व्यासाने भागून येणारी संख्या. छिद्राला अपर्चर म्हणतात. भागाकार असल्यामुळे आकडा लहान म्हणजे छिद्र मोठे, ही उलटी गोष्ट सुरुवातीला गोंधळात टाकते. किट लेन्स ५५ मिमीला पूर्ण उघडली तर ५५ भागिले ५.६ म्हणजे छिद्राचा व्यास १० मिमीहूनही थोडा कमी भरतो, साधारण सदऱ्याच्या बटणाएवढा. त्याच ५५ मिमीला एफ २.८ असेल तर व्यास जवळजवळ २० मिमी होतो. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होते, आणि प्रकाश क्षेत्रफळातून येतो. म्हणजे ५.६ ऐवजी २.८ मिळाले की सेन्सरवर चौपट प्रकाश पडतो.

चौपट प्रकाशाने काय बदलते ते पाहू. संध्याकाळ झाली आहे, खोलीत दिवा लागला आहे आणि जमिनीवर बसलेले मूल ठोकळ्यांचा मनोरा रचते आहे. लेन्स ५० मिमीला, एफ ५.६ ला आणि कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, १६०० ला ठेवली तर अशा उजेडात शटरचा वेग, म्हणजे सेन्सरवर प्रकाश पडू देण्याचा वेळ, साधारण १/३० सेकंद येतो. ठोकळा ठेवणारा हात तेवढ्या वेळात हलतो आणि फोटोत बोटांची नुसती रेघ उमटते. तिथेच एफ २.८ असेल तर वेग १/१२५ सेकंदावर जातो, आणि बोटे, ठोकळा, दाताखाली धरलेली जिभेचे टोकही स्पष्ट येते. तोच १/१२५ वेग किट लेन्सवर हवा असेल तर आयएसओ ६४०० करावा लागतो. मग सावलीच्या भागात रवाळ ठिपके दिसतात आणि त्वचेचा रंग मळकट होतो.

यावर कोणी म्हणेल, की किट लेन्समध्येही कंपनरोधक यंत्रणा असते, तिचे काय? कॅनन तिला आयएस म्हणते, निकॉन व्हीआर, टॅमरॉन व्हीसी, सिग्मा ओएस, सोनी ओएसएस. ही यंत्रणा खरोखर उपयोगी आहे, पण ती फक्त फोटो काढणाऱ्याच्या हाताचा कंप शोषून घेते. समोरच्या मुलाचा हात ती थांबवू शकत नाही. निश्चल मूर्ती, रात्रीची इमारत, तिन्हीसांजेचा डोंगर यांच्यासाठी कंपनरोध पुरतो. माणसांसाठी, प्राण्यांसाठी आणि जे जे हलते त्याच्यासाठी मोठे अपर्चर लागते. या दोन गोष्टी एकमेकींची जागा घेत नाहीत, हे लक्षात ठेवले तर लेन्स निवडताना होणारा निम्मा गोंधळ टळतो.

मोठ्या अपर्चरचा दुसरा लाभ पार्श्वभूमीत दिसतो. दोन मीटरवरच्या माणसाचा ५० मिमीला फोटो काढताना एफ ५.६ ला पुढून मागे साधारण ३६ सेंटीमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. एफ २.८ ला तो १८ सेंटीमीटरवर येतो आणि एफ १.८ ला ११ ते १२ सेंटीमीटरवर. त्यापलीकडचे दृश्य हळूहळू विरघळत जाते आणि चेहरा उठून दिसतो. शिवाय कॅमेरा फोकस करतो तो सहसा अपर्चर पूर्ण उघडे ठेवून, त्यामुळे जास्त प्रकाश देणाऱ्या लेन्सला अंधुक जागी फोकस पकडणेही सोपे जाते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. किट लेन्स १८ मिमीला एफ ३.५ असते, आणि ३.५ वरून २.८ वर गेल्याने प्रकाश चौपट होत नाही, जेमतेम दीडपट होतो. झूम वाढवत नेला की तिचे छिद्र ४, ४.५ करत ५.६ वर येते, आणि खरा फरक तिथे पडतो. सारखे एफ २.८ ठेवणारी झूम लेन्स घेतल्याचा फायदा मुख्यतः तिच्या लांबच्या अर्ध्या भागात मिळतो. जो माणूस दिवसाउजेडी १८ मिमीवर डोंगरदऱ्यांचे फोटो काढतो, त्याला या बदलातून फारसे काही हाती लागणार नाही.

म्हणून बाजारात जाण्याआधी स्वतःचे जुने फोटो उघडावेत. प्रत्येक डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये फोकल लेंग्थ, अपर्चर, शटरचा वेग आणि आयएसओ यांची नोंद आपोआप झालेली असते, आणि संगणकावर फोटोची माहिती पाहिली की ती दिसते. गेल्या काही महिन्यांतले स्वतःला आवडलेले शंभरएक फोटो आणि आवडायला हवे होते पण बिघडले असे शंभरएक फोटो वेगळे काढावेत आणि प्रत्येकाचे हे चार आकडे पाहावेत. बहुतेकांचे फोटो १८ आणि ५५ या दोन टोकांना साचलेले आढळतात, कारण रिंग अडेपर्यंत फिरवण्याची आपल्याला सवय असते. तेवढ्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. टोकाला साचलेल्या फोटोंचा शटरचा वेग पाहावा, खरा उलगडा तिथे होतो. ५५ मिमीच्या फोटोंवर १/८०० सेकंद आणि आयएसओ २०० असे आकडे असतील, तर उजेड भरपूर होता आणि अंतर कमी पडत होते, म्हणजे गरज लांब पल्ल्याची आहे. त्याच ५५ मिमीवर १/२० सेकंद आणि आयएसओ ३२०० दिसत असेल, तर माणूस जवळच होता आणि उजेड कमी पडत होता, म्हणजे गरज मोठ्या अपर्चरची आहे. आणि १८ मिमीच्या बिघडलेल्या फोटोंत माणसे कडेला कापली गेली असतील, तर गरज १५-१६ मिमीपासून सुरू होणाऱ्या लेन्सची आहे. बाहेरच्या कोणाच्याही सल्ल्यापेक्षा एका दुपारचे हे काम मला जास्त मोलाचे वाटते.

बहुतेकांचे उत्तर दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे मोठ्या अपर्चरचे निघते, असा माझा अनुभव आहे, आणि त्यांच्यासाठी योग्य लेन्स म्हणजे १७-५० किंवा १८-५० मिमीच्या आसपासची, पूर्ण पल्ल्यात एफ २.८ राहणारी झूम. ही कल्पना नवी नाही. १९५९ साली फोक्टलेंडर कंपनीने ३५ मिमी कॅमेऱ्यांसाठी झूमार ही पहिली झूम लेन्स बाजारात आणली, तेव्हा तिचे आकडे ३६-८२ मिमी आणि एफ २.८ असे होते. आजच्या छोट्या सेन्सरवरची १७-५० मिमीची लेन्स जवळपास त्याच कामाची आहे. आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यांसाठी टॅमरॉनने २००६ मध्ये आणि सिग्माने २०१० मध्ये अशा लेन्स आणल्या. त्यांनी किट लेन्सनंतर काय घ्यावे या प्रश्नाचे उत्तर कित्येक वर्षे सोपे करून ठेवले होते, आणि वापरलेल्या स्थितीत त्या आजही चांगले काम देतात. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठी सिग्माची २०२१ मध्ये आलेली १८-५० मिमी एफ २.८ लेन्स आहे. तिचे वजन ३०० ग्रॅमच्या आत आहे, पण तिच्यात कंपनरोध नाही. टॅमरॉनच्या १७-७० मिमी एफ २.८ मध्ये कंपनरोध आहे आणि पल्लाही जास्त आहे, मात्र वजन ५०० ग्रॅमच्या वर जाते. कॅमेऱ्याच्या शरीरातच कंपनरोध असेल तर पहिली घ्यावी, नसेल तर दुसरीचा विचार करावा. पहिलीतील काटकसर मला स्वतःला जास्त भावते, कारण जड लेन्स घरीच राहते आणि घरी राहिलेल्या लेन्सने फोटो निघत नाही.

मधला मार्गही आहे. एफ २.८ पासून सुरू होऊन लांबच्या टोकाला एफ ४ होणाऱ्या लेन्स, उदाहरणार्थ सिग्माची १७-७० किंवा निकॉनची १६-८०, थोडा प्रकाश सोडून थोडा पल्ला देतात. प्रवासात एकच लेन्स न्यायची असेल तर ही तडजोड समंजस आहे. फुजीफिल्मच्या काही कॅमेऱ्यांसोबत तर किट म्हणूनच १८-५५ मिमी एफ २.८-४ लेन्स मिळत असे. ती ज्यांच्याकडे आहे त्यांना बदलण्याची घाई करण्याचे कारण नाही.

राहिले ते १८-२०० आणि त्यापुढचे मोठे झूम. टॅमरॉनने २०१७ मध्ये १८-४०० मिमीपर्यंत मजल मारली, आणि तंत्र म्हणून ते निश्चितच कौतुकास्पद आहे. पण दहा-वीसपट पल्ला एकाच नळीत बसवताना भिंगांची रचना गुंतागुंतीची होते, कडा मऊ येतात, सरळ रेषा वाकतात आणि लांबच्या टोकाला अपर्चर एफ ६.३ इतके लहान होते. म्हणजे उजेडाच्या बाबतीत किट लेन्सपेक्षाही एक पायरी खाली. धुळीच्या जागी लेन्स बदलणे शक्य नसेल, उन्हातली भटकंती असेल किंवा खांद्यावर एकाहून जास्त लेन्स वागवणे प्रकृतीला झेपत नसेल, तर अशी लेन्स जरूर घ्यावी. संध्याकाळच्या घरातल्या फोटोंची तक्रार मात्र तिने सुटणार नाही. ज्यांच्या जुन्या फोटोंतले आकडे खरोखर लांब पल्ला मागतात, त्यांनी किट लेन्स तशीच ठेवून जोडीला ५५-२०० किंवा ५५-२५० मिमीची लेन्स घेतली तर चित्र जास्त चांगले मिळते.

झूम नसलेली, एकाच फोकल लेंग्थची प्राइम लेन्स ही वेगळी वाट आहे. ५० मिमी एफ १.८ ही छोटी लेन्स ५.६ च्या मानाने जवळजवळ दहापट प्रकाश देते आणि तिच्यातली काच साधी असूनही चित्र अत्यंत रेखीव येते. पण छोट्या सेन्सरवर ती ७५ मिमीसारखी अरुंद दिसते, म्हणून चेहऱ्यांसाठी उत्तम आणि खोलीत अडचणीची. एकाच प्राइमवर सर्वसाधारण वापर करायचा असेल तर ३५ मिमीच्या आसपासची घ्यावी. माझ्या मते किट लेन्ससोबत अशी एक प्राइम हा कमी खर्चात सर्वांत जास्त शिकवणारा पर्याय आहे, कारण झूमची रिंग नसली की माणूस चालू लागतो, आणि जागा बदलली की चित्र कसे बदलते हे त्याला कळू लागते.

कोणतीही निवड केली तरी ती लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर बसते का, हे आधी पाहावे. लेन्स जिथे अडकते त्या कड्याला माउंट म्हणतात आणि तो बहुधा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. एकाच कंपनीतही फरक असतात. निकॉनच्या डीएसएलआरचा एफ माउंट १९५९ पासूनचा आहे, तर त्यांच्या मिररलेसचा झेड माउंट २०१८ चा. डीएसएलआरची लेन्स सेन्सरपासून दूर बसते (निकॉनमध्ये ४६.५ मिमीवर), मिररलेसची खूप जवळ (झेडमध्ये १६ मिमीवर). त्यामुळे जुनी लेन्स मधे अॅडॉप्टर घालून नव्या कॅमेऱ्यावर बसते, पण नवी लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर बसवता येत नाही. निकॉनचा २००६ चा डी४० आणि पुढच्या डी३०००, डी५००० या मालिकांतल्या कॅमेऱ्यांत फोकस करणारी मोटर नसते, मोटर लेन्समध्येच असावी लागते. त्यांच्यावर ५० मिमी एफ १.८डी ही जुनी लेन्स बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. तिच्याऐवजी नावात ‘डी’च्या जागी ‘जी’ हे अक्षर असलेली ५० मिमी एफ १.८जी घेतली की अडचण राहत नाही. वापरलेल्या लेन्सच्या बाजारात केवळ एका अक्षराच्या फरकाने झालेला हा मनस्ताप मी पाहिला आहे.

वापरलेली लेन्स घेताना दोन्ही बाजूंची झाकणे काढून, अपर्चर उघडे ठेवून, मागच्या बाजूने विजेरीचा प्रकाश तिरका सोडावा आणि पुढून आत पाहावे. थोडी धूळ सर्वच लेन्समध्ये असते आणि तिने काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी असते, आणि काचेवर दुधट धूसरपणा दिसला तर आतल्या भिंगावर थर बसलेला असतो. या दोन्ही बाबतींत लेन्स परत द्यावी. झूमची रिंग फिरवताना मध्येच अडखळते का आणि लेन्स खाली तोंड करून धरली की नळी आपोआप घसरते का, हेही पाहावे.

नव्या लेन्सचीही एक परीक्षा बदलून घेण्याच्या मुदतीत करून घ्यावी, कारण त्यातही आतले एखादे भिंग केंद्ररेषेवरून किंचित सरकलेले असू शकते. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून छापील मजकुराचे सारखेच चार कागद भिंतीवर चौकटीच्या चार कोपऱ्यांत येतील असे चिकटवावेत, कॅमेरा भिंतीला समांतर ठेवावा, कंपनरोध बंद करावा आणि दोन सेकंदांच्या टायमरवर आधी एफ २.८ ला, मग एफ ५.६ ला फोटो काढावा. संगणकावर पूर्ण आकारात पाहिल्यावर चारही कोपरे मधल्या भागापेक्षा थोडे मऊ असतील तर ते अपेक्षितच आहे, आणि एफ ५.६ ला ते बरेच सुधारलेले दिसतील. तीन कोपऱ्यांतली अक्षरे वाचता येतात आणि चौथ्यातली फिसकटलेली दिसतात, तर कॅमेरा सरळ होता याची खात्री करून परीक्षा पुन्हा एकदा घ्यावी. दुसऱ्यांदाही तोच कोपरा बिघडला, तर ती लेन्स बदलून घ्यावी.